चौकटीची डावी कड

दर दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता फ्रीगंज या गावाच्या नव्या वस्तीतल्या एका फोटो स्टुडिओच्या माडीवर आम्ही आठ-दहा जण जमत असू. सगळे नवशिके. कोणी नोकरीतून निवृत्त झालेले, कोणी दुकान सांभाळून हौस करणारे. गेल्या पंधरवड्यातला आपला एकच फोटो मोठा छापून आणायचा, भिंतीलगतच्या फळीवर टेकवून ठेवायचा, आणि इतरांनी त्यातले गुणदोष मोकळेपणाने सांगायचे, एवढाच त्या मंडळाचा नेम होता. स्टुडिओचे मालक चहा पाजत आणि स्वतः फारसे बोलत नसत.

मी तेथे गेलो तो एकाहत्तराव्या वर्षी. त्यापूर्वी चाळीस वर्षे एका संस्कृत पाठशाळेत व्याकरण आणि काव्य शिकवले. जुन्या शिष्यांनी मिळून सत्कार केला तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर एक कॅमेराही हाती ठेवला. "गुरुजी, तुम्ही रोज घाटावर जाता. आम्ही दूर पडलो. आम्हाला तिथलं दर्शन पाठवत जा," असे त्यांचे म्हणणे. माझा डावा डोळा तेव्हाच अधू झाला होता. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकले होते. कॅमेऱ्याला एकच डोळा लागतो आणि तो माझ्याकडे आहे, या विचाराने मला उलट धन्यता वाटली होती.

मंडळात अभिप्राय देण्याची एक पद्धत मीच घालून दिली. सुरुवातीला लोक नुसतेच "छान", "वाह", "मजा आ गया" असे म्हणत. मी म्हटले, श्लोकाचा अर्थ सांगण्याआधी आपण पदे सुटी करतो, तसे येथेही करावे. बोलणाऱ्याने आधी फोटोत काय काय आहे ते एकही वस्तू न गाळता म्हणावे. मग गुण. मग दोष. जे नीट पाहिले नाही त्यावर मत देण्याचा अधिकार कोणालाच नाही. सर्वांना ते पटले. माझ्या शब्दाला तेथे वजन होते. ते जरा जास्तच होते, हे मला फार पुढे कळले.

कारण माझा फोटो फळीवर आला की ही पद्धत मोडत असे. पहिल्याच बैठकीला मी रामघाटावरच्या पहाटेच्या आरतीचा फोटो नेला होता. पुरोहिताच्या हातात पाच वातींची आरती, खाली शिप्रा नदीच्या पाण्यात तिचे प्रतिबिंब. मी हात जोडून म्हटले, "दोष सांगावेत. संकोच करू नये."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग एकजण म्हणाला, "गुरुजी, आपके फोटो में दोष निकालने वाले हम कौन?"

"मी येथे विद्यार्थी आहे."

"विद्यार्थी असाल घरी. इथे पाया पडू द्या," असे म्हणून तो खरोखरच वाकला, आणि सगळे हसले.

त्या मंडळात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. बोलण्यात चतुर, वाचन बरे, आणि आपण काहीतरी सूक्ष्म हेरले हे सांगण्याची त्यांना भारी हौस. ते फळीजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सगळं वजन उजवीकडे टाकलंय. आणि कडेला अर्धवट राहिलेली ती बाई! अहो, सगळा फोटो तिने तोलून धरलाय. गुरुजी, हे मुद्दाम केलंत ना?"

मला त्या फोटोत कोणतीही बाई ठाऊक नव्हती. क्षणभर विचारावेसे वाटले, कोणती बाई? पण सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या. साहेब शिप्रेलाच बाई म्हणत असावेत, अशी मी मनाची समजूत घातली. आणि तोंडाने म्हटले, "जे पूर्ण दाखवले ते तेथेच संपते. जे अर्धे राहते ते पाहणाऱ्याच्या मनात पूर्ण होते."

हे वाक्य पाठशाळेत मी शेकडो वेळा उच्चारले असेन, काव्याविषयी, आणि तेथे ते खोटे नव्हते. त्या माडीवर मात्र मी ते न पाहिलेल्या गोष्टीवर पांघरूण म्हणून वापरले. महिन्या-दीड महिन्यात मंडळातले निम्मे फोटो तसेच येऊ लागले. मुख्य विषय उजवीकडे सरकलेला आणि डाव्या कडेला कोणीतरी अर्धे. एका दुकानदाराने तर सख्ख्या मेहुण्याला उन्हात तासभर अर्धे उभे केले होते. "गुरुजींची पद्धत," असे लोक म्हणत. मला मनातून बरे वाटत असे. ते अर्धे लोक मला दिसत होते की नाही, हे आज मला नक्की सांगता येत नाही. इतरांनी "तो पहा" म्हटले की दिसत असावेत.

याच काळात घराबाहेर वेगळेच काही चालू झाले होते.

रोज पहाटे मी आणि सौभाग्यवती स्कूटरवरून रामघाटावर स्नानाला जात असू. पूल उतरून देवास गेटवरून जुन्या गावात. लग्नानंतर सायकल होती तेव्हापासूनचा हा नेम. ती मागे एका अंगाला बसते, जशा आमच्या पिढीच्या सगळ्या बायका बसतात, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून. नवरात्र संपले आणि माझ्या लक्षात येऊ लागले की डावीकडून वस्तू एकाएकी प्रकट होतात. रस्ता मोकळा असावा आणि हाताच्या अंतरावर गाय उभी असावी. कोणी नाही म्हणून वळावे आणि हातगाडीवाला ओरडावा, "अंधे हो क्या बाबा!" देवास गेटला एकदा एक माणूस माझ्या आरशाला खांदा लावूनच उभा राहिलेला दिसला. तो चालत आलेला मी पाहिलाच नव्हता. जणू हवेतून उतरला.

मी श्रद्धाळू माणूस आहे. डावीकडून होणाऱ्या अशुभ दर्शनाचा अर्थ लहानपणापासून कानावर पडलेला. कुंडली काढली, गोचर पाहिले, आणि निष्कर्ष निघाला की शनीची पीडा आहे. दर शनिवारी त्रिवेणी घाटावरच्या शनिमंदिरात जाऊन तेल वाहायचे ठरवले. त्या मंदिराचा रस्ता लांबचा आणि रहदारीचा. सौभाग्यवती मागे बसून येई. आता लिहिताना हात थांबतो. संकट टळावे म्हणून मी जो उपाय योजला, त्या उपायाच्या वाटेवरच आम्ही संकटाच्या सर्वांत जवळून जात होतो.

"सावकाश हो," ती मागून म्हणे.

"सावकाशच आहे."

"कडेला फार घेता हल्ली. जरा मधून चला."

"मधून चालले की मागचे भोंगे वाजवतात. तू नाम घे."

ती नाम घेई. तिच्या तोंडून तक्रार अशी कधी निघाली नाही. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात वाईट बोलायचे नाही, ही तिच्या माहेरची शिकवण. एका शनिवारी मंदिराच्या वळणावर, गर्दीसाठी लावलेल्या लोखंडी कठड्यांच्या अगदी लगतून जाताना मागून एक हुंकार आल्यासारखे वाटले. मी विचारले, "काय झाले?" ती म्हणाली, "काही नाही. पदर." मंदिरात पोचल्यावर ती म्हणाली, आज मी पायऱ्या चढत नाही, तुम्हीच तेल वाहून या. मी वाहून आलो. मनात म्हटले, पीडा उतरू लागली.

माघ महिन्यातल्या एका रविवारी मंडळात एक शिवणकाम करणाऱ्या बाई पहिल्यांदाच फोटो घेऊन आल्या. त्यांचे ब्लाउज शिवायचे दुकान स्टुडिओपासून चार घरांवर. त्या दोनदा नुसत्या बसून ऐकून गेल्या होत्या. त्यांचा फोटो फळीवर ठेवला गेला आणि प्रथम अभिप्रायाचा मान रीतीप्रमाणे मला मिळाला.

मी पद्धतीनुसार सुरुवात केली. "एक स्त्री स्नान करून वर येते आहे. केस ओले. दोन्ही हात पुढे. मागे पंड्यांच्या छत्र्या, दोन नावा. तिच्या मुद्रेवर भय आहे. भय उत्तम टिपले आहे. दोष असा की भयाचे कारण चित्रात नाही. डावीकडचा भाग रिकामाच गेला, नुसते पाणी. तो कापावा."

बाई म्हणाल्या, "आणि मूल, गुरुजी?"

"कोणते मूल?"

बँकेच्या साहेबांनी मांडीवर थाप मारली. "क्या बात है! कोणते मूल! अरे समजा जरा. भय दिसलं तर मूल दाखवायचं कशाला? ताई, कापा तुम्ही. गुरुजी म्हणतात तर कापाच."

सगळे हसले, कोणी टाळीही दिली. बाई हसल्या नाहीत. "शेवटच्या पायरीवर मूल आहे साहेब. तोल चाललाय त्याचा. फोटो घेतला आणि दुसऱ्या क्षणाला कॅमेरा फेकून धावले मी. आईच्या आधी मी पोचले."

मी सौम्य आवाजात, शिक्षकाच्या त्या आवाजात ज्याचा मला चाळीस वर्षे अभिमान होता, त्यांना समजावले, "जे आपल्या आठवणीत आहे ते चित्रातही आहे असे नवशिक्यांना वाटत राहते. ही नेहमीची चूक आहे."

त्यांनी माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला समजला असता. पण मरणासन्न माणसाकडे पाहावे तसे काहीतरी होते ते. मग त्यांनी आपला फोटो मुकाट्याने उतरवून घेतला.

बैठक संपल्यावर मी जिना उतरलो तेव्हा त्या खाली उभ्या होत्या.

"गुरुजी, रागवू नका. एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या आरतीच्या फोटोत डाव्या कडेला कोण उभं आहे?"

"कोणी नाही."

"आणि गेल्या वेळच्या? नावेच्या?"

"तेथेही कोणी नाही. त्या साहेबांच्या बोलण्यावर जाऊ नका. ती सूचना आहे, व्यक्ती नव्हे."

बाईंनी पदर खोचला. "मी कापड कापते गुरुजी. पाच-सात ब्लाउज एकाच बाजूने बिघडून आले, तर मी त्याला पद्धत म्हणणार नाही. मी म्हणेन, कारागिराला त्या बाजूचं दिसत नाही. साहेब काय म्हणतात ते सोडा."

"तुम्ही माझ्याशी बोलत आहात, याचे भान असू द्या," मी म्हणालो. असे वाक्य मी याआधी कोणालाही बोललो नव्हतो.

"भान आहे, म्हणूनच सगळ्यांसमोर नाही बोलले. काकूंना गाडीवर बसवता ना रोज?"

मी खिशातली किल्ली काढून स्कूटरकडे वळलो.

"काकूंचे ब्लाउज मीच शिवते. परवा दुकानात आल्या होत्या. माप द्यायला उभं राहवेना त्यांना. घरी जा, आणि तुमचे फोटो उलटे करून बघा. वरचं खाली. कापड नीट बेतलंय की नाही ते मी तसंच बघते. सवय मोडली की चूक दिसते." एवढे बोलून त्या गेल्या.

मी स्कूटर काढली. त्या दिवशी घरी जाताना प्रत्येक गोष्ट डावीकडून माझ्या अंगावर येत होती असे वाटले. रिक्षा, कुत्रा, विजेचा खांब, एका बाईच्या हातातली पिशवी. कशाचीच येण्याची चाहूल नव्हती. सगळे आधीपासून तेथेच होते, आणि मी त्यांच्यामधून चाललो होतो.

राग दोन दिवस टिकला. ते दोन दिवस मी सौभाग्यवतीला मागे बसवून घाटावर नेले, हेही येथे लिहिले पाहिजे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आत पडली होती. मी कपाटातून सगळे छापील फोटो काढले, खिडकीशी मांडले आणि एकेक उलटे केले.

आरतीचा फोटो उलटा होताच उजव्या कडेला एक हिरवे लुगडे आले. काठ ओळखीचा. अर्धा खांदा, अर्धी पाठ, आणि हातात माझीच पिशवी, ज्यात माझे कोरडे धोतर असते. मी दुसरा उलटा केला. तेथेही ती. तिसऱ्यातही. मी फोटो घेताना तिला नेहमी सांगत असे, "चौकटीच्या बाहेर राहा हो." माझ्या दृष्टीने ती बाहेरच असे. माझे जोडे, पिशवी आणि तांब्या सांभाळत ती एक पायरी खाली, माझ्या डाव्या हाताला उभी असे. सात फोटोंतल्या सातांत मी माझ्या पत्नीला अर्धे कापले होते आणि भरल्या खोलीत त्याबद्दल प्रशंसा घेतली होती.

पण खरे भय त्यानंतरचे आहे. मी ते फोटो काळाच्या क्रमाने लावले. पहिल्या दोहोंत तिचा डावा पाय पायरीवर सरळ टेकलेला होता. तिसऱ्यात करंगळीशेजारी एक चिंधी. चौथ्यात चिंधीच्या जागी पट्टी. पाचव्यात पट्टी घोट्यापर्यंत आलेली आणि पायात माझी जुनी सैल चप्पल. सहाव्यात तिने घाटावरची आधाराची साखळी धरली होती. सातव्यात तो पाय जमिनीवर नव्हताच. तिने तो उचलून दुसऱ्या पायावर टेकवला होता, थकलेला पक्षी टेकवतो तसा. आणि तिचे तोंड कॅमेऱ्याकडे होते. माझ्याकडे. घाटावर ती मला पाहत होती आणि मी आरती पाहत होतो.

मी आत गेलो. तिच्या पायावरचे पांघरूण काढले. तिने चटकन पाय ओढून घेतला.

"दाखव."

"अहो, काही नाही. खरचटलंय."

"कधीचे?"

"दिवाळीनंतरचं. आधी एकदा त्या भाजीच्या गाडीला लागलं. मग तिकडे मंदिराशी कठड्याला. मग अशीच एक-दोनदा."

"माझ्या गाडीवरून."

तिने पांघरुणाचा काठ मुठीत धरला.

"मला सांगितले का नाहीस?"

"दुखतच नव्हतं. खरंच सांगते. पाय बधिरच असतात माझे शुगरमुळे, माहितेय ना तुम्हाला. रक्त दिसायचं तेव्हा कळायचं." मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात शनी आहे. मी म्हटलं, शनी असेल तर सरेल. नसेल, तर जे असेल ते मला ऐकायचं नव्हतं."

"तुला कळले होते? माझ्या डोळ्यांचे?"

"ताटात डावीकडची चटणी तशीच राहते तुमची. भाद्रपदापासून. मी उजवीकडे वाढायला लागले."

मी पाय पाहिला. करंगळीशेजारचे बोट जांभळे होऊन पुढे काळे पडत चालले होते. त्याला एक गोडसर वास होता, जो घरात गेले काही दिवस मला येत होता आणि मी निर्माल्याचा समजत होतो.

त्याच संध्याकाळी रिक्षाने तिला दवाखान्यात नेले. ते एक बोट काढावे लागले. डॉक्टर तरुण होते, स्पष्टवक्ते. म्हणाले, "बाबूजी, आणखी पंधरा दिवस थांबला असता तर पायाचं बोलावं लागलं असतं. अजूनही हमी देत नाही." त्याच आठवड्यात माझेही डोळे तपासले गेले. मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेलेला, आणि उजव्याची डाव्या अंगाची दृष्टी गेलेली. गेलेले परत येत नाही, राहिलेले थेंबांनी राखायचे, असे सांगण्यात आले. मी म्हटले, "पण मला तेथे काळोख कधी दिसला नाही." डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "दिसत नाही. मन ती जागा आपोआप भरून काढतं. म्हणून तर लोक उशिरा येतात."

हे वाक्य मी अनेक रात्री उशाशी घेऊन झोपलो आहे. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की न दिसणारे मनाने पूर्ण करावे. ते मी रस्त्यावरही करत होतो आणि मागे ती बसलेली होती.

स्कूटर विकली. पुढच्या बैठकीला मी ते सातही फोटो फळीवर लावले, सरळच, आणि पद्धतीप्रमाणे प्रत्येकातले सगळे सांगितले, लुगडे, पिशवी, चिंधी, पट्टी, साखळी. शेवटी म्हटले, "ही पद्धत नव्हती. मला दिसत नव्हते. आपण सर्वांनी पाहिले होते, आणि एकीनेच सांगितले." कोणी मान वर केली नाही. बँकेचे साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." मी त्यांना दोष दिला नाही. त्यांना तसे वाटावे म्हणून मीच किती झटलो होतो. शिवणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी त्यांच्या दुकानात गेलो आणि उंबऱ्याशी उभा राहून हात जोडले. त्या मशीन थांबवून एवढेच म्हणाल्या, "काकूंचा पाय कसा आहे?" ते नक्की मला सांगता आले नाही. पट्टी दवाखान्यात बदलत होते.

त्यानंतर पट्टी घरी बदलायची वेळ आली. तिला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, आणि पायाला वेदना कळत नाही. तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितले, "बाबूजी, रोज सकाळी पट्टी काढली की जखमेचा फोटो घ्या, साफ उजेडात, आणि फोनवर पाठवा. मी बघून सांगेन." आता रोज स्नान-संध्या आटोपली की मी तिचा पाय पाटावर घेतो, खिडकी उघडतो आणि फोटो काढतो. सुंदर यावा अशी इच्छा नसते. सगळा यावा एवढेच पाहतो. पाठवण्याआधी मान पूर्ण डावीकडे वळवून चौकटीची कड बोटाने चाचपल्यासारखी पाहतो. मग तिला जे दिसले ते मोठ्याने सांगतो, काही न गाळता. लाली कोठवर आहे, सूज आहे का, कडा कोरडी की ओली, वास आहे का. ती डोळे मिटून ऐकते.

डॉक्टरांचे उत्तर बहुधा एका शब्दाचे असते. "ठीक." कधी "बेहतर." ते येईपर्यंत आम्ही दोघे चहाला हात लावत नाही.

आज सकाळी टाक्यांच्या खालच्या बाजूला, टाचेकडे जाणारी एक फिकट जांभळी रेघ मला दिसली. काल ती नव्हती, की काल मला दिसली नव्हती, हे सांगता येत नाही. कालचा फोटो काढून पाहिला. त्यात टाचेवर सावली आहे. मी तिला रेघ सांगितली. ती म्हणाली, "सावली असेल." मी म्हटले, "असेल. पण मी रेघ म्हणूनच पाठवतो."

उत्तर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. तिने विचारले, "काय म्हणतात?"

फोन उजव्या हातात धरून मी अक्षरे वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि जशीच्या तशी तिला ऐकवली. "अभी ले आइए."

तिने खांद्यावर पदर घेतला आणि उठण्यासाठी माझ्या डाव्या बाजूने हात पुढे केला. मी मान वळवून तो हात पाहिला आणि मग धरला.